पाकीट बायबलात, उमेदवार पुलपीटपाशी

निवडणूक आली की आमच्या टपालाचा सूर बदलतो. एरवी बाप्तिस्मा आणि लग्नाचे प्रश्न येतात, आता हे आले आहेत.

मतदानाच्या आधीच्या रविवारी एक उमेदवार उपासनेला आले. पाळकांनी त्यांना शाल घातली आणि ‘यांना मत दिलं नाही तर देवाला जाब द्यावा लागेल’ असं सांगितलं. हे योग्य का?

उमेदवाराने उपासनेला जरूर यावं आणि जागा मिळेल त्या बाकावर बसावं. शाल मात्र नको. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला ‘तिकडं उभा राहा’, याबद्दल याकोबाने बायबलातल्या आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मंडळीला चांगलंच झापलंय.

आता कायदा. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणं भ्रष्ट आचार ठरतो, आणि देवाच्या कोपाची भीती घालणंही. उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्या कुणी ते केलं, तरी निवडणूक रद्द होऊ शकते. मतदाराच्या धर्माला घातलेली सादही यात मोडते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी जानेवारी 2017 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं. शिवाय धर्मस्थळाची जागा राजकीय प्रचाराला देण्यावर 1988 पासून बंदी आहे. तुमच्या पाळकांना हे माहीत नसेल. पाळक म्हणून माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली.

पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. प्रभुभोजनाला दोन्ही पक्षांचे लोक एकाच रांगेत येतात. पाळकाने पक्ष धरला की त्यातले निम्मे उपरे होतात.

रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय सांगतो, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. मग सरकारवर टीका करणं पाप नाही का?

हे पत्र लिहिणाऱ्या पौलाकडेच बघा. फिलिप्पैत त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला, ‘जा, सोडलंय.’ पौल हलला नाही. रोमी नागरिकांना चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं! आणि ते आले, विनवण्या करत. पुढे त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली.

अधीन राहणं म्हणजे तोंड शिवून घेणं नव्हे. त्याच अध्यायात सत्ताधारी हा लोकांच्या भल्यासाठी नेमलेला देवाचा सेवक आहे, असंही म्हटलंय. सेवकाला हिशेब विचारायचाच असतो. पौलाला मत नव्हतं, आपल्याला आहे.

पक्षाचा माणूस घरी पाकीट देऊन गेला. सासूबाईंनी ते बायबलात ठेवलं. म्हणाल्या, पैसे घ्यायचे, मत आपल्या मनाने द्यायचं. चालेल?

नाही. मतासाठी पैसे देणाऱ्याइतकाच घेणाराही कायद्याने गुन्हेगार आहे. पाकीट परत करा. बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 23 वा अध्याय म्हणतो, लाच डोळसालाही आंधळं करते. सासूबाईंना ते वचन दाखवा. बायबल हातात आहेच.

आपला माणूस उभा असेल तर मत त्यालाच ना?

इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, पुढारी निवडण्याच्या कसोट्या दिल्या, त्यात कर्तबगारी, देवाचं भय आणि लाचेचा तिटकारा होता. आडनाव नव्हतं. 1949 मध्ये अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा ठराव संविधान सभेच्या सल्लागार समितीत मांडणारे डॉ. एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्तीच होते. त्यांना शेजाऱ्यांच्या मतांवर भरवसा होता. तो शेजारीही मत देताना आपल्याच जातीचा माणूस बघू लागला, तर आपल्या चार घरांचं काय?

कुणीच पटत नाही. ‘नोटा’ दाबू?

दाबू शकता. पण विधानसभेला ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तरी निवडून येतो उमेदवारच. त्याआधी प्रत्येकाचं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर वाचा. त्यात मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं असतं. माझ्या उपदेशापेक्षा कमी वेळ लागेल.