नान्नजचं माळरान, उपग्रह आणि परदेशातली पीएचडी

नमस्कार. तुमचा प्रश्न असा: सोलापूर विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झाली आहे, क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं, इकॉलॉजी आणि रिमोट सेन्सिंगमध्ये, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्यात, बाहेर पीएचडी करायची आहे. देश कोणता धरू, आणि एजंट मागतोय ते पैसे देऊ का?

एजंटला रुपयाही देऊ नका. त्याचा धंदा फी भरून मिळणाऱ्या मास्टर्सच्या जागांवर चालतो. पीएचडीचा उमेदवार प्राध्यापक किंवा त्यांची समिती स्वतः निवडते आणि पगार किंवा स्टायपेंड देते. या विषयात पदरचे पैसे घालून पीएचडीला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

देश नंतर ठरवू. आधी दाखवण्यासारखं एक काम हवं, आणि ते तुमच्या दारात आहे. माळढोकसाठी 1979 मध्ये जाहीर झालेल्या नान्नजच्या अभयारण्याभोवतीचं माळरान सरकारी नकाशांत बऱ्याचदा 'पडीक' म्हणून रंगवलेलं असतं. गवत हिरवं दिसतं ते पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. मे महिन्यात उपग्रहातून हिरवा दिसतो तो ऊस आणि वेडी बाभूळ. म्हणजे एका तारखेच्या चित्रावरून गवत आणि पडीक वेगळं काढता येत नाही, वर्षभराची मालिका लागते. आणि नेमकं गवत वाढतं तेव्हा, जून ते सप्टेंबर, ढगांमुळे सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची चित्रं वाया जातात. तिथे ढगांतूनही पाहणारं सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडार जोडावं लागतं. एवढा एक प्रश्न नीट सोडवला तरी अर्जाला वजन येतं. पाण्यात रस असेल तर उजनीच्या फुगवट्यातली गाळपेर जमीन घ्या. पाणी कधी ओसरलं आणि पेरा कधी झाला, हे चित्रांत छान दिसतं.

हे करताना तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं, 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या चित्रातल्या प्रत्येक चौकोनाच्या (पिक्सेलच्या) आकड्यात 1000 ची भर पडलेली असते. ती वजा न करता एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) काढला तर त्या तारखेनंतर आलेख खाली बसतो, आणि आपण 'माळरानाचा ऱ्हास' लिहून मोकळे होतो. गूगल अर्थ इंजिनमध्ये (उपग्रह-चित्रांवर काम करायचं गूगलचं ऑनलाइन साधन) 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घेतला की ही भानगड मिटते.

दुसरं, मोबाइलचा जीपीएस मोकळ्या माळावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि पिक्सेल 10 मीटरचा. बांधावर उभं राहून घेतलेला बिंदू कुणाचा, गवताचा की ज्वारीचा? निदान 20-30 मीटर आत जाऊन नोंद घ्या.

तिसरं सगळ्यात महागात पडणारं. संगणकाला गवत ओळखायला शिकवण्यासाठी 70 टक्के आणि त्याची परीक्षा घ्यायला 30 टक्के असे बिंदू सरसकट वाटले तर एकाच शेतातले शेजारी पिक्सेल शिकवणीतही जातात आणि परीक्षेतही. अचूकता 95 टक्के येते, ती फसवी असते. मुलाखतीत पहिला घाव इथेच बसतो. परीक्षेसाठी अख्खी गावं किंवा शेतांचे गट वेगळे ठेवून तपासा. आकडा 80 वर आला तरी तोच सांगा.

अभयारण्याच्या आत अभ्यासाला वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि ती वेळ खाते. ड्रोन तर परवानगीशिवाय उडवूच नका. गायरानावर काम सुरू करणं सोपं.

आता देश. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएचडी बहुतेक वेळा नोकरीच असते: जाहिरात निघते, करार होतो, पगार मिळतो. जर्मनीत पगार साधारण ई-13 या सरकारी वेतनश्रेणीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, नेदरलँड्समध्ये करार बहुधा चार वर्षांचा. जर्मनीतलं लाइपझिगचं जैवविविधता केंद्र आयडिव्ह आणि येनाची माक्स प्लांक जैव-भूरसायन संस्था, नेदरलँड्समधली एन्स्खेडेची भू-माहिती संस्था आयटीसी यांच्या जाहिराती बघत राहा. प्रवेशाचा ठरावीक हंगाम नसतो आणि मुदत अनेकदा तीन-चार आठवड्यांचीच, म्हणून कागद आधी तयार हवेत. तीन वर्षांची बीएस्सी आणि वर दोन वर्षांची एमएस्सी बहुतेक ठिकाणी चालते. पगाराचा करार असेल तर जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) सहसा लागत नाही. स्वखर्चाने जाणाऱ्याला मात्र वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात.

अमेरिकेत अर्ज डिसेंबर ते जानेवारीची सुरुवात या काळात. प्राध्यापकांना ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये लिहा. मेरीलँड विद्यापीठाचा भूगोल विभाग या विषयात पक्का. ऑफर आली तर किती वर्षांच्या पैशाची हमी आहे ते लेखी घ्या, आणि 15 एप्रिलआधी उत्तर द्यायची घाई करू नका. ब्रिटनमध्ये सरकारी पैशाच्या जागांत परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा मर्यादित आहे, त्यामुळे पहिली भिस्त तिथे नको. अनुसूचित जातीत असाल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर पाहा. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते, अर्जाआधी चालू वर्षाची जाहिरात वाचा.

ईमेल दीडशे-दोनशे शब्दांचा. 'आदरणीय सर, मला संशोधनाची प्रचंड आवड आहे' असलं शंभर जणांना पाठवलेलं पत्र उघडताक्षणी ओळखू येतं. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातली कोणती पद्धत माळरानावर चालणार नाही आणि का, हे दोन वाक्यांत लिहा. सोबत दोन पानी बायोडेटा आणि कोडची लिंक. शिफारसपत्रं सरांच्या विद्यापीठाच्या ईमेलवरूनच जाऊ द्यात, जीमेलवरून आलेल्या पत्राकडे बरेच जण संशयाने बघतात.

ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाचा अधिकृत उतारा) अर्ज परीक्षा विभागात आजच टाका. आणि नाव तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा. सगळे अर्ज पासपोर्टाप्रमाणेच भरा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, नाहीतर व्हिसाच्या खिडकीवरून परत यावं लागेल आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट दुसऱ्यांदा काढावं लागेल.