"अणुबॉम्ब पडला तर?" रात्री तीनला पडणारा प्रश्न

हल्ली हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतोय की शेवटी लिहायलाच बसले. विचारणारी कॉलेजची पोरं असतात तशी नातवंडंवाली माणसंही.

माझ्याकडे समुपदेशनासाठी एक गृहस्थ यायचे (तपशील बदललेत). बायकोला कळू नये म्हणून रात्री तीनला बाथरूममध्ये मोबाईल घेऊन बातम्या बघायचे. मुलीच्या नावचे हप्तेही थांबवलेले, "दहा वर्षांनी कोण उरणारे मॅडम?"

खोटा दिलासा मी कधी देत नाही. जगात आजही १२,००० च्या आसपास अण्वस्त्रं आहेत. पण १९८६ मध्ये ती ७०,००० च्या घरात होती आणि ती माणसांनीच बोलणी करून कमी केली, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, झोप काही आली नाही. आकड्यांनी झोप येत नसते.

माणूस श्रद्धाळू होता म्हणून एकदा विचारलं, "प्रार्थनेत काय मागता?"
"युद्ध होऊ देऊ नकोस."
"आणि मग?"
"मग न्यूज बघतो... देवाने ऐकलं का ते."

स्वतःचंच वाक्य ऐकून ते थबकले, आणि मग आम्ही दोघं इतके हसलो की बाहेर बसलेल्यांना काय वाटलं असेल देव जाणे. मला वाटतं सगळं तिथेच फिरलं. श्रद्धेला त्यांनी गॅरंटी कार्ड करून ठेवलं होतं!

मग मी नागासाकीचं सांगितलं. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्बने तिथल्या उराकामी भागातलं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, जमीनदोस्त झालं, तिथल्या लोकांनी ढिगाऱ्यातून एक घंटा उकरून काढली आणि त्याच वर्षी ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी वाजवली. "आता पुन्हा बॉम्ब पडणार नाही असं त्यांना कुणी लिहून दिलं होतं का हो?" ते बराच वेळ गप्प. मीही गप्प, एवढ्या वर्षांत एवढं तरी शिकलेय.

समुपदेशनाचं तंत्रबिंत्र जाऊ दे, माझा भर कायम जगण्यातल्या अर्थावर असतो. तुम्हालाही हेच होत असेल तर बातम्या दिवसातून एकदाच, त्याही उजेडात बघा. फोन बेडरूमबाहेर. प्रार्थना करत असाल तर जगाबरोबर आपल्या हातातलंही काहीतरी मागा. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर मात्र डॉक्टरकडे जाच, त्यात श्रद्धा कमी पडत नाही.

पुढच्या वेळी ते म्हणाले, "आता मागतो, माझी चिडचिड पोरीवर निघू देऊ नकोस." परवा तीनला जाग आली तर पाणी प्यायले, तिचं पांघरूण सारखं केलं आणि झोपले. थकलेले हप्तेही भरले म्हणे, दंडासकट.