बटाटा : नाव मुळात रताळ्याचं

एका वाचकाने विचारलं आहे : "बटाटा हा शब्द पोर्तुगीज, असं शाळेत शिकलो. पण पोर्तुगालात कोलंबसाच्या आधी बटाटा नव्हताच. मग शब्द खरा कुणाचा? आणि रताळ्याला इंग्रजीत 'स्वीट पोटॅटो' का म्हणतात? दोन्हींचं काही नातं आहे का?"

झाडं म्हणून पाहिलं तर जवळचं नातं नाही. बटाटा हा वांगं-टोमॅटोच्या कुळातला. रताळ्याचा वेल असतो आणि त्याला गारवेलीसारखी कर्ण्याच्या आकाराची फुलं येतात. नातं आहे ते नावाचं. 'बताता' हे मुळात रताळ्याचं नाव आहे आणि ते ताईनो लोकांचं आहे.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस कॅरिबियनमधल्या एका बेटावर उतरला, तेव्हा त्याला भेटले ते हे लोक. बहामा, क्युबा, पोर्तो रिको आणि आज हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक ज्यावर आहेत ते मोठं बेट, असा त्यांचा मुलूख होता. शेताला ते 'कोनुको' म्हणत. माती ओढून गोल ढीग रचायचे, टोकदार काठीने भोकं पाडायची, त्यांत 'युका'ची, म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा होतो त्या कंदाची, कांडी नाहीतर बताताच्या वेलाचे तुकडे खोचायचे. माती भुसभुशीत राहते, पाणी साचत नाही, कंद पोसतो. आपल्याकडेही रताळं बी पेरून लावत नाहीत. वरंब्यावर वेलाचे तुकडेच लावतात.

स्पॅनिश लोकांनी या बेटांवरून शब्द भराभर उचलले. होडीसाठीचा 'कनोआ', झोळीसारख्या बिछान्यासाठीचा 'हमाका', वादळासाठीचा 'उराकान'. यांतला 'कनोआ' तर कोलंबसाच्या पहिल्या सफरीनंतर दोन-तीन वर्षांतच नेब्रिहाच्या स्पॅनिश-लॅटिन कोशात येऊन बसला. शब्द देणाऱ्यांचं मात्र काय झालं, हे शब्दचर्चेतही सांगायलाच हवं. १४९५पासून सोनं सापडणाऱ्या भागातल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एका लहान घुंगराएवढं सोनं द्यावं, असा कर बसला. पुढे 'एन्कोमिएन्दा' आली, म्हणजे गावंच्या गावं वसाहतदारांना वेठीसाठी वाटून दिली गेली. हैती ज्यावर आहे त्या मोठ्या बेटावर १४९२मध्ये किती माणसं होती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १५१४च्या वाटपात मोजणी झाली तेव्हा सुमारे २६,००० ताईनो उरले होते. देवीची मोठी साथ तर त्यानंतर, १५१८च्या अखेरीस आली. ताईनोंचा वंश पुसला गेला नाही, त्या बेटांवर त्यांचं रक्त आजही आहे. पण त्यांची भाषा आज कुणाची बोली नाही.

आता आपल्या बटाट्याकडे. तो बेटांवरचा नव्हेच, तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या क्वेचुआ भाषेत त्याला 'पापा' म्हणतात. १५३२मध्ये स्पॅनिश सेनानी पिसारोने तिथल्या इंका राजाला कैद केलं आणि पुढच्या काही वर्षांत स्पॅनिशांना हा दुसरा कंद ओळखीचा झाला. 'पापा' आणि 'बताता' यांची सरमिसळ होऊन स्पेनमध्ये 'पताता' तयार झाला. इंग्रजी 'पोटॅटो' त्यातलाच. आधी तोही रताळ्यालाच लावत. पुढे बटाट्याने नाव पटकावलं तेव्हा रताळ्याला ओळखीसाठी 'गोड' जोडावं लागलं. पोर्तुगीजांचंही तसंच : 'बताता' म्हणजे बटाटा आणि 'बताता-दोसी' म्हणजे रताळं. अमेरिकेतले स्पॅनिशभाषक मात्र आजही 'पापा'च म्हणतात.

पोर्तुगीजांचा शब्द पश्चिम किनाऱ्यावर रुजला, म्हणून मराठीत आणि गुजरातीत 'बटाटा', कोकणीत 'बटाट'. हिंदीने आपला जुना, कोणत्याही कंदाला चालणारा 'आलू' या नव्या कंदाला दिला. आपण तोच 'आलु' दुसरीकडे वापरला : रक्तालु म्हणजे तांबडा कंद, त्याचं झालं रताळं. म्हणजे मराठीत रताळ्याचं अमेरिकन नाव बटाट्याकडे गेलं आणि रताळ्याला संस्कृत नाव मिळालं. मला ही अदलाबदल फार आवडते.

शब्द मराठी म्हणायचा का, याचं माझं उत्तर ठाम 'हो' असं आहे. घोडा, घोडे, घोड्याचा. बटाटा, बटाटे, बटाट्याचा. पोर्तुगीजांकडूनच आलेल्या तंबाखूतला 'त' तसाच राहिला, बटाट्यात मात्र त्याचे दोन खणखणीत 'ट' झाले. व्याकरणाने आणि उच्चाराने इतकं आपलं केलेल्या शब्दाला परका म्हणवत नाही. कोशात मात्र 'पोर्तुगीज' एवढ्यावर न थांबता पुढे 'मूळ ताईनो' असं लिहायला हवं.

कारण हे देणं एका शब्दापुरतं नाही. उपासाच्या खिचडीकडे पाहा. बटाट्याचं नाव ताईनो. साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून होतो तो त्यांचा 'युका'. शेंगदाण्याला ते 'मानी' म्हणत आणि मिरचीला 'आही'. स्पॅनिशमध्ये हे दोन्ही शब्द अजून चालतात. चारही वस्तू अमेरिकेतून आलेल्या, तिघींना ताईनो भाषेत नाव होतं आणि चौथीला, बटाट्याला, त्यांच्या रताळ्याचं नाव मिळालं. त्या कढईत आपल्याकडचं जुनं म्हणजे तूप, जिरं आणि मीठ.