वाचकांचे प्रश्न : लहान मुलांना झोपेसाठी मेलाटोनिन द्यावे का?

प्रश्न : आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. रात्री नऊ वाजता तो अंथरुणावर जातो, पण साडेदहा-अकरापर्यंत त्याचा डोळा लागत नाही आणि सकाळी शाळेसाठी उठवताना रोज रडारड होते. एका नातेवाइकांनी मेलाटोनिनच्या गमी, म्हणजे चघळायच्या मऊ गोड गोळ्या, आणून दिल्या आहेत. ‘हे शरीरातच तयार होते, त्यामुळे काही अपाय होत नाही,’ असे त्यांचे म्हणणे आहे. बाटलीवर एका गमीत ५ मिलिग्रॅम असे छापले आहे. रोज एक द्यावी का? त्याची सवय लागेल का?

उत्तर : पहिली गमी देण्याआधी आपण विचारलेत, हे फार चांगले केलेत. मेलाटोनिन मेंदूतील पिनिअल ग्रंथीत तयार होते हे खरे आहे. परंतु ते संप्रेरक आहे. इन्सुलिनही शरीर स्वतःच तयार करते, तरी ते आपण कोणालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही. अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून दुकानात सहज मिळते, तर ब्रिटनमध्ये त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. दुसरी पद्धत मला अधिक योग्य वाटते.

मेलाटोनिन हे रूढ अर्थाने झोपेचे औषध नाही. झोपेच्या गोळ्या गुंगी आणतात. मेलाटोनिन प्रामुख्याने शरीराला रात्र झाल्याचे कळवते. संध्याकाळी उजेड कमी झाला की, नेहमीच्या झोपेच्या साधारण एक-दोन तास आधी, रक्तातील त्याचे प्रमाण वाढू लागते आणि डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की ते पुन्हा दबते. मुलांच्या डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या आणि भिंग अधिक स्वच्छ असल्यामुळे त्यांच्यावर हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. खोलीत प्रखर दिवा आणि हातात मोबाईल असताना गमी देणे म्हणजे एकीकडे शरीराला रात्र झाल्याचे सांगायचे आणि दुसरीकडे दिवस असल्याचे दाखवायचे.

त्यामुळे आपल्या मुलाच्या बाबतीत मी आधी वेळेकडे पाहीन. सुट्टीच्या दिवसांत तो साडेदहाला झोपून सकाळी उशिरापर्यंत गाढ झोपत असेल आणि उठल्यावर ताजातवाना दिसत असेल, तर त्याची झोप बिघडलेली नसून तिचे घड्याळ मागे पडले आहे. अशा मुलाला नऊला अंथरुणावर पाठवले की दीड तास तळमळणेच त्याच्या अंगवळणी पडते. काही दिवस त्याला खरोखर झोप येते त्याच सुमारास, म्हणजे सव्वादहाच्या आसपास, झोपवावे आणि तो लवकर झोपू लागला की दर दोन-तीन दिवसांनी ही वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. उठण्याची वेळ मात्र सुट्टीच्या दिवशीही फारशी बदलू नये. उठल्याबरोबर त्याला मोकळ्या उजेडात न्यावे, झोपण्याआधी तासभर पडदे बंद आणि दिवे मंद असावेत. पडदे म्हणजे टीव्ही, मोबाईल, टॅबलेट सगळेच. दुपारनंतर चहा, कॉफी किंवा कोला देऊ नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते. हा हिशेब पूर्ण होईल अशी वेळ गाठेपर्यंत चिकाटी ठेवावी लागते.

त्याच वेळी काही गोष्टी बालरोगतज्ज्ञांना जरूर सांगाव्यात. तो रोज घोरतो का, झोपेत त्याचा श्वास अडकल्यासारखा होतो का? रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात, अशी त्याची तक्रार आहे का? अशा तक्रारीमागे अनेकदा लोहाची कमतरता असते आणि ती रक्ततपासणीत कळते. खाज, दमा, शाळेची भीती, दुसऱ्या आजारासाठी चालू असलेले औषध यांपैकी कशानेही झोप लांबू शकते आणि यांतले काहीही मेलाटोनिनने बरे होत नाही. उलट मूळ दुखणे झाकले जाते, ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते.

एवढे करूनही झोप लागत नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या काळासाठी मेलाटोनिन देता येते. स्वमग्नता किंवा अतिचंचलता असलेल्या मुलांमध्ये त्याच्या उपयोगाचा पुरावा अधिक चांगला आहे. सुरुवात अर्धा ते एक मिलिग्रॅमपासून, झोपेच्या अर्धा ते दीड तास आधी केली जाते आणि ज्यांना त्याचा उपयोग होतो अशा बहुतेक मुलांना ३ ते ६ मिलिग्रॅमहून जास्त लागत नाही. म्हणजे आपल्याकडची ५ मिलिग्रॅमची गमी ही सुरुवातीची मात्रा नाहीच. ती तोडून अर्धी देण्यातही अर्थ नाही, कारण औषध तिच्यात सारखे पसरलेले असेलच असे नाही. लेबलवर तरी किती भरवसा ठेवावा? अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत २५ प्रकारच्या गमींपैकी २२ मधील मेलाटोनिनचे प्रमाण लेबलशी जुळले नाही. एका उत्पादनात तर ते मुळीच सापडले नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले, मात्रेची खात्री असलेले औषधच वापरावे.

अपेक्षाही माफक ठेवावी. साधारणपणे झोप वीस ते तीस मिनिटे लवकर लागते. मध्यरात्री जाग येणाऱ्या मुलाला साध्या मेलाटोनिनचा फारसा उपयोग होत नाही. सकाळी सुस्ती, डोकेदुखी, चक्कर, भयंकर स्वप्ने किंवा अंथरूण ओले होणे असे दिसल्यास डॉक्टरांना कळवावे. मुलाला फिट येत असतील, किंवा रक्त पातळ करणारी, प्रतिकारशक्ती दाबणारी अथवा नैराश्यावरील औषधे चालू असतील, तर ते आधीच सांगितले पाहिजे.

सवयीबद्दल आपण विचारले आहे. गुंगीच्या औषधांसारखे व्यसन मेलाटोनिनचे लागत नाही, पण ‘गमीशिवाय मला झोप येत नाही’ ही समजूत मुलाच्या मनात घट्ट बसू शकते. शिवाय वयात येण्याच्या काळात शरीरातील मेलाटोनिनचे प्रमाण स्वाभाविकपणे घटते आणि बाहेरून वर्षानुवर्षे दिल्यास त्या बदलांवर काय परिणाम होईल, याचा दीर्घकालीन अभ्यास अजून पुरेसा झालेला नाही. म्हणून औषध सुरू करतानाच ते कधी थांबवून पाहायचे, हे डॉक्टरांशी ठरवून घ्यावे.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलीने मोठ्या भावाच्या मेलाटोनिनच्या गमी खाऊ समजून खाल्ल्या. किती खाल्ल्या ते कळले नाही. ती सुखरूप आहे, पण पुन्हा असे झाले तर काय करावे?

उत्तर : आपली मुलगी सुखरूप आहे हे वाचून हायसे वाटले. असे प्रसंग वाढत आहेत. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन गिळल्याच्या २०१२ साली ८,३३७ नोंदी झाल्या होत्या, त्या २०२१ साली ५२,५६३ झाल्या. बहुतेक मुलांना काही त्रास झाला नाही, पण काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. अशा वेळी मुलाला घरी उलटी करायला लावू नये. बाटली हातात घेऊन, किती गमी कमी झाल्या असतील याचा अंदाज बांधून लगेच डॉक्टरांना किंवा विषबाधा केंद्राला फोन करावा. मूल हाका मारूनही नीट जागे होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, सारख्या उलट्या होत असतील, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी, कारण गमीत आणखी कोणती द्रव्ये आहेत हे डॉक्टरांना तिच्यावरूनच कळते. आणि आजच ती बाटली कुलपाच्या कपाटात ठेवावी. भावाला गमी देताना ‘खाऊ’ हा शब्द वापरू नये, ‘औषध’च म्हणावे आणि शक्य असेल तर ती बहिणीच्या नजरेसमोर देऊ नये.