बाई उमेदवार, तिची श्रद्धा आणि तिच्यावरची टीका: तुमचे प्रश्न

प्रश्न: २०११ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या रिपब्लिकन नेत्या मिशेल बाखमन यांना भर डिबेटमध्ये विचारलं होतं की राष्ट्राध्यक्ष झालात तर नवऱ्याच्या आज्ञेत राहणार का. हा उघड उघड सेक्सिझम नाही का?

उघड उघड तरी नाही. ११ ऑगस्टला आयोवातल्या एम्स शहरात रिपब्लिकन उमेदवारांचं डिबेट होतं, पत्रकार बायरन यॉर्क यांनी हे विचारलं आणि हॉलमध्ये त्यांची हुर्यो उडाली. पण प्रश्न हवेतून आला नव्हता. २००६ मध्ये मिनेसोटातल्या एका चर्चमध्ये बाखमन स्वतःच सांगत होत्या की मला टॅक्स या विषयाचा तिटकारा, पण नवरा म्हणाला टॅक्स लॉ शिक आणि बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं असं देव सांगतो, म्हणून शिकले. तेव्हा त्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीला उभ्या होत्या! आपल्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय असा झाला हे कुणी स्वतःहून लोकांसमोर सांगितलं आणि पुढे देशातलं सगळ्यात मोठं पद मागितलं, तर उद्या निर्णय नक्की कोण घेणार हे विचारायचा मतदाराला पूर्ण हक्क आहे, मग समोर बाई असो की पुरुष. बाखमन थोडं थांबल्या आणि म्हणाल्या की आमच्यात अधीन राहणं म्हणजे एकमेकांचा आदर करणं. उत्तर शांतपणे दिलं, ते मला आवडलं, पण मूळ मुद्दा तसाच राहिला. मी असते तर विचारलं असतं, की एखाद्या निर्णयावर तुमचं आणि नवऱ्याचं पटलं नाही तर काय कराल? यात टोमणा नाही आणि पळवाटही नाही.

प्रश्न: पण पुरुषाला असलं काही कोण विचारतं?

विचारलंय की. १९९८ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट चर्च-संघटनेने जाहीर केलं की पत्नीने पतीचं नेतृत्व मान्य करून त्याच्या अधीन राहावं, आणि त्याला पाठिंबा देणाऱ्या पेपरातल्या जाहिरातीत पुढे २००८ साठी रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या माइक हकबी यांचंही नाव होतं. जानेवारी २००८ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या डिबेटमध्ये त्यांना यावरून छेडलं. ते म्हणाले मला माझ्या श्रद्धेची लाज वाटत नाही, आणि माझ्या बायकोला जे ओळखतात त्यांना माहितीये की ती मला मनाला येईल ते करू देत नाही, लोक हसले, विषय पुढे सरकला. श्रद्धा तीच, पण हकबींना तिचा काडीचाही त्रास नाही, कारण त्या शिकवणीत निर्णय पुरुषाकडेच राहतो, तर बाईच्या बाबतीत तीच शिकवण थेट तिच्या निर्णयक्षमतेवर शंका घेते. म्हणून प्रश्न सारखाच विचारला तरी बाईला त्याची जास्त किंमत मोजावी लागते. मला वाटतं खरा राग पत्रकारापेक्षा या शिकवणीचा यायला हवा.

प्रश्न: मग टीका कुठे चुकते हे ओळखायचं कसं?

अलास्काच्या तेव्हाच्या रिपब्लिकन गव्हर्नर सारा पेलिन यांचं २००८ चं उदाहरण घ्या. उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली आणि लगेच सुरू झालं, पाच मुलं आहेत, धाकटा काही महिन्यांचा आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे, मग घर कोण बघणार? राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बराक ओबामा यांच्या मुलीही तेव्हा लहानच होत्या, त्यांना हे विचारताना कुणी दिसलं नाही. मग पक्षाने कपड्यांवर दीडेक लाख डॉलर उडवले ते निघालं. पक्षाच्या पैशाचा हिशोब जरूर मागा, पण चर्चा हिशोबावर न राहता जॅकेट आणि बुटांवर घसरली. आणि या सगळ्या गदारोळात जे खरंच विचारायला हवं होतं ते मागे पडलं. त्याच वर्षी जूनमध्ये अलास्कातल्या वसिला गावच्या आपल्या जुन्या चर्चमध्ये पेलिन म्हणाल्या होत्या की प्रार्थना करा, आपले नेते इराकमध्ये सैनिकांना पाठवतायत ते देवाचं काम असू दे. युद्धाकडे अशा नजरेने बघणारी व्यक्ती राष्ट्राध्यक्षपदापासून एका पायरीवर असणार होती, यावर तासन्‌तास खोदून विचारायला हवं होतं! कपड्यांवर घसरलेल्या टीकेने पेलिन यांच्या समर्थकांना आयती ढाल मिळाली, पुढे प्रत्येक खऱ्या प्रश्नालाही ‘बाई आहे म्हणून छळताय’ हेच उत्तर.

प्रश्न: अमेरिकेच्या घटनेत पदासाठी धर्माची अट नको असं आहे ना? मग उमेदवाराच्या धर्माबद्दल विचारायचंच कशाला?

ते कलम ६, आणि ते सरकारला बांधतं, मतदाराला किंवा पत्रकाराला नाही. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी कॅथलिक, म्हणून ते पोपचं ऐकतील अशी ओरड होती, तर १९६० मध्ये ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर जाऊन त्यांनी उत्तरं दिली. रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या मिट रॉम्नींनी २००७ मध्ये आपण मॉर्मन या वेगळ्या पंथाचे असण्यावरून खास भाषण केलं. म्हणजे पुरुषही यातून सुटलेले नाहीत.

प्रश्न: मला बाखमन यांचा एकही विचार पटत नाही, तरी न्यूजवीक या अमेरिकी साप्ताहिकाच्या कव्हरवरचा त्यांचा वेडसर दिसणारा फोटो बघून संताप आला. हा दुटप्पीपणा झाला का?

अजिबात नाही. ऑगस्ट २०११ चं ते कव्हर, डोळे विस्फारलेले आणि खाली ‘संतापाची राणी’ अशा अर्थाचा मथळा. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन ही गर्भपाताच्या हक्कासाठी लढणारी संघटना, बाखमन त्या हक्काच्या कट्टर विरोधक, तरी संघटनेच्या अध्यक्षा टेरी ओनील यांनी त्या कव्हरला सेक्सिस्ट म्हटलं. आणि त्यासाठी त्यांना बाखमन यांचं एकही मत मान्य करावं लागलं नाही.