फोनच्या लोकेशनवरून घरचे कॅमेरे आपोआप चालू-बंद करता येतात का? आमच्या गुहागरच्या घरी आम्ही आगरात असतानाच सायरन वाजतो.

येतात, पण आधी वर्तुळ मोठं करा. अ‍ॅपमध्ये घराभोवती जे वर्तुळ आखतो, त्याची त्रिज्या किमान 100 ते 150 मीटर ठेवावी, असं अँड्रॉइडच्या मार्गदर्शनातच आहे. तेही घरात वाय-फाय चालू असेल तर. खिशातला फोन सतत जीपीएस वापरत नाही. बॅटरी वाचवायला तो आसपासचे वाय-फाय आणि मोबाइल टॉवर पाहून अंदाज बांधतो. लाइट गेली, राउटर बंद पडला, की उरतो लांबचा टॉवर. मग अंदाज शेकडो मीटर चुकतो आणि तुम्ही आगरात सुपाऱ्या वेचत असलात तरी फोनच्या लेखी बाहेर असता. म्हणून माझ्या मते 300 मीटर ठेवा आणि राउटरला छोटा यूपीएस लावाच. पावसाळ्यात त्याच्याशिवाय हे जमणार नाही.

लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ द्या, अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढा. बाहेर पडल्यावर दोन-तीन मिनिटं उशीर होतोच.

घरातल्या सगळ्यांचे फोन जोडा. शेवटचा माणूस बाहेर पडला तरच कॅमेरे चालू व्हावेत. आजी-आजोबांकडे साधा फोन असेल तर घरातल्या कॅमेऱ्यांना ही सोय लावूच नका, त्यांच्या डोक्याशी सायरन वाजणं फार वाईट. फाटकावरचा कॅमेरा मात्र कायम चालू ठेवा.