ज्यानं काम पाहिलं, त्याचं नाव लिही

प्रिय बाळ,

रविवारी तू नोकरीच्या अर्जाची फाईल ठेवून गेलीस आणि जाताना दारात थांबून म्हणालीस, "काका, एवढं सगळं जोडलंय, तरी कुणी बोलवंना. काय कमी पडायलंय?" घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. काल रात्री फाईल पहिल्या पानापासून वाचली. कमी काही नाही. नको ते बरंच आहे, आणि हवं ते तू स्वतःच्या हातानं बाहेर ठेवलंस.

अर्जाच्या शेवटी संदर्भ म्हणून तीन नावं आहेत. संस्थेचे अध्यक्ष, तुझ्या मामांच्या ओळखीचे जिल्हा परिषद सदस्य, आणि तिसरा मी. वाळूजच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून वर्षभर ज्यांच्या हाताखाली तू तीन पाळ्यांत माल तपासलास, त्या सुपरवायझरांचं नाव कुठंच नाही. का, तर "ते ठेकेदाराकडचे आहेत, त्यांचं कोण ऐकणार?"

पोरी, त्यांचंच ऐकतील. अध्यक्षांना फोन गेला तर ते म्हणतील, मुलगी चांगल्या घरची आहे. फोन करणाऱ्याला तुझ्या घराशी काय करायचंय? त्याला विचारायचं असतं, की माप चुकलं तर ही सांगते का लपवते. पाळी सुटायला दहा मिनिटं असताना पेटी आली तर उघडून बघते, का शिक्का मारून पुढं ढकलते. याचं उत्तर फक्त त्या माणसाजवळ आहे, जो तुझ्या शेजारी उभा होता. ज्यानं काम पाहिलं, त्याचंच नाव लिही.

आणि तुझ्या बाबतीत तर दुसरा आधारच नाही. अप्रेंटिसचा पीएफ कापत नाहीत, त्यामुळं तुझं ते वर्ष पीएफच्या नोंदीत सापडणार नाही. प्रमाणपत्र आहे, पण ते एवढंच सांगतं की वर्ष पूर्ण झालं. ते वर्ष कसं केलंस, हे त्या एका माणसाच्या तोंडी आहे, आणि तू त्यालाच वगळलंस!

मी रागावतोय असं वाटेल. रागावतोच आहे, कारण हीच चूक मी केली आहे. 1987 साली परभणीहून आयटीआय करून औरंगाबादला आलो. (तेव्हा तेच नाव होतं.) चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये एका मिस्त्रींनी मला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, धरायला शिकवलं. बोटात किती जोर ठेवायचा, त्याच्या टोकाचा रॅचेट कधी वाजू द्यायचा, शून्य तपासल्याशिवाय माप का घ्यायचं नाही. दीड वर्ष. मग एका मोठ्या कारखान्यात अर्ज केला आणि संदर्भात लिहिलं आमच्या तालुक्याच्या एका पुढाऱ्याचं नाव. मिस्त्री चौथी शिकलेले, त्यांचं नाव लिहायची लाज वाटली. कारखान्यातून पुढाऱ्याला विचारणा झाली. ते म्हणाले, "असेल आमच्याकडचा पोरगा." माझी दीड वर्षाची मेहनत त्या एका 'असेल'मध्ये गेली. जागा गेली ती गेलीच. पुढं दोन वर्षांनी मिस्त्री एसटी स्टँडवर भेटले. म्हणाले, "तू अर्ज केल्याचं कळालं होतं. मला कुणीतरी विचारायला येईल म्हणून वाट बघितली." यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

तेव्हापासून मी एक धरून बसलो. ज्याचं काम पाहिलं नाही, त्याच्यासाठी शब्द टाकायचा नाही. बहिणीच्या मुलासाठीसुद्धा टाकला नाही, आणि ती तीन वर्षं माझ्या घरी आली नाही. लोक म्हणाले, एक चिठ्ठी दिली असती तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. माझ्या हाताखालच्या दोन पोरांना त्याच सुमारास मी सांगितल्यावर घेतलं, कारण मी उगीच कुणाचं नाव घेत नाही हे तिथल्या लोकांना माहीत होतं. भाच्यासाठी खोटं बोललो असतो तर त्या दोघांच्या वेळचा माझा शब्दही हलका झाला असता. बहिणीला हे पटलं नाही. मला अजून पटतं.

असो. आता तुझं काम ऐक.

सुपरवायझरांना फोन करू नकोस, जाऊन भेट. विचार, "सर, माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं तर काय सांगाल?" आणि गप्प बस. ते घुटमळले तर नाव लिहू नकोस, आणि मनालाही लावून घेऊ नकोस. हो म्हणाले तर कुठला नंबर द्यायचा, किती वाजता फोन करायला सांगायचं, हे त्यांनाच विचार. बऱ्याच कारखान्यांत मोबाईल गेटवर जमा होतो. सकाळी अकराला आलेला फोन उचलला गेला नाही तर तुझंच नुकसान. नंबरापुढं वेळ लिही. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचा नंबर कुणालाही द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला लागू नये.

एक पान त्यांच्या हातात दे. त्यांच्याकडं दरवर्षी नवी पोरं येतात, सगळं कसं लक्षात राहील? कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत होतीस, कुठला पार्ट तपासत होतीस, आणि ती शाफ्टची गोष्ट. चहा पिताना किती सहज सांगून गेलीस! व्यास शतांश-शतांशानं वाढत चाललेला तुला दिसला, अजून टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, आतच होता, तरी तू ऑपरेटरला थांबवलंस आणि टूल झिजलेलं निघालं. अगं, हे अर्जात कुठाय? अर्जात तू लिहिलंस, 'कष्टाळू, प्रामाणिक, संघभावनेनं काम करणारी.' हे तर कुणीही लिहितं. ती तीन विशेषणं खोड आणि शाफ्ट लिही.

ऑरिक औद्योगिक शहरातल्या जागेसाठी आणि जालन्याच्या स्टील कारखान्यासाठी तू एकच अर्ज पाठवलास, वरचं नावसुद्धा बदललं नाहीस. जाहिरात समोर ठेवून प्रत्येक अर्ज नव्यानं लिहायचा. आधारवर आणि दहावीच्या मार्कशीटवर तुझ्या नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते आधी दुरुस्त करून घे. लॅमिनेशन केलेली प्रशस्तिपत्रं घरी राहू दे.

नोकरी लागो न लागो, निकाल त्यांना जाऊन सांग. मी मिस्त्रींना सांगितला नव्हता.

तिसरं नाव माझं आहे. ते काढ. मी तुला लहानपणापासून ओळखतो, तुझ्या वडिलांबरोबर एका पाळीत काम केलंय, पण तुझ्या हातातला मायक्रोमीटर मी पाहिलेला नाही. कुणी विचारलं तर मलाही 'असेल' म्हणावं लागेल, आणि तुझ्या बाबतीत मला ते म्हणायचं नाही. नवा अर्ज घेऊन ये, एकेक ओळ बसून बघू.

या आठवड्यात त्यांची पहिली पाळी आहे असं तू म्हणाली होतीस. साडेतीनच्या आधी गेटवर जाऊन उभी राहा.

तुझा,
काका